साठेखतातला मधला माणूस

अलीकडे आपल्या घरांतील तरुणांच्या बोलण्यात 'होलसेलिंग' हा शब्द वरचेवर ऐकू येतो. धान्याच्या किंवा कापडाच्या घाऊक व्यापाराशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेत स्थावर मालमत्तेच्या बाजारात ही एक रीत आहे. घर विकू पाहणाऱ्या मालकाशी एकाने ठरावीक किमतीचा करार करायचा, थोडी अनामत द्यायची, आणि कराराची मुदत संपण्यापूर्वी तो करारच जास्त किमतीला दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा. घर स्वतः विकत घ्यायचेच नाही. दोन किमतींतला फरक हीच कमाई. 'भांडवलाशिवाय धंदा' अशी त्याची जाहिरात मोबाइलवर होते आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलांना ती भुरळ घालते. त्याच अमेरिकेत इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये असे व्यवहार वारंवार करणाऱ्यास दलालीचा परवाना सक्तीचा केला आणि ओक्लाहोमा राज्याने २०२१ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा आणला, हे त्या जाहिरातीत सांगितले जात नाही.

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर नाव नवे असले तरी गोष्ट जुनी आहे. 'साठेखतावर जमीन फिरवणे' हा शब्दप्रयोग अलिबाग, पेण, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांत ज्यांनी आयुष्य काढले त्यांना परका नाही. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सेवा सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या पट्ट्यासाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमण्यात आले आणि केंद्राने दिघी येथील औद्योगिक नगरीला मंजुरी दिली. अशी प्रत्येक बातमी आली की चहाच्या टपरीवर सातबाऱ्याच्या झेरॉक्स फिरू लागतात. आपली बहुतेक कुटुंबे व्यापारी आहेत, हिशेबात हुशार आहेत, हाताशी थोडी शिल्लकही असते. साहजिकच मुलगा म्हणतो, "पाच लाख विसार देऊ, सहा महिन्यांत गिऱ्हाईक आणू, बारा लाख सुटतील." बाराचा आकडा त्याने बरोबर मांडलेला असतो. प्रश्न कागदाचा असतो. बँकेच्या नोकरीत कर्जप्रकरणांच्या निमित्ताने टायटल सर्च रिपोर्टांचे गठ्ठे वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या वाचनाच्या आधारावर पहिल्याच व्यवहारात उतरू पाहणाऱ्यासाठी हे लिहीत आहे.

हिशेब सोपा जावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. किनाऱ्याजवळच्या एका गावात ४० गुंठे भातशेतीची जमीन आहे. मालकाशी सौदा ५० लाखांना ठरला. ५ लाख विसार दिला आणि मुदत ६ महिन्यांची ठेवली. चौथ्या महिन्यात ६२ लाख देणारा खरेदीदार मिळाला. मालकाला विसाराचे ५ लाख आधीच पोहोचले आहेत, त्याचे ४५ लाख बाकी. मधल्या माणसाला त्याचे ५ लाख परत आणि वर १२ लाख, म्हणजे १७. पंचेचाळीस आणि सतरा मिळून बासष्ट. कागदावर सारे जुळते.

आता पहिला प्रश्न, जो कागद लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारायचा: या व्यवहारात मी कोण आहे? दलाल की खरेदीदार? दोन्ही एकाच वेळी होता येत नाही, आणि माझ्या मते होलसेलिंगच्या साऱ्या भानगडींचे मूळ या एका गल्लतीत आहे. म्हाताऱ्या मालकाच्या ओटीवर बसून मुलगा म्हणतो, "काका, तुमची जमीन चांगल्या भावाला विकून देतो." हे वाक्य दलालाचे आहे. ज्या क्षणी मालकाने त्यावर विश्वास ठेवून काम सोपवले, त्या क्षणी भारतीय करार कायदा, १८७२ अन्वये तो मुलगा मालकाचा अभिकर्ता झाला. कलम २१५ व २१६ सांगतात की अभिकर्त्याने मालकाच्या नकळत त्याच व्यवहारात स्वतःचा सौदा केला, तर मालक तो व्यवहार विशिष्ट परिस्थितीत नाकारू शकतो, शिवाय अभिकर्त्याला झालेला लाभ मागून घेऊ शकतो. म्हणजे आपल्या उदाहरणातले बारा लाख कोर्टात म्हाताऱ्याचे ठरू शकतात. उलट मुलगा पहिल्या दिवसापासून म्हणाला असेल, "काका, मी तुमच्याकडून ५० लाखांना घेतो, पण मी ती पुढे जास्त किमतीला देऊ शकेन, तुमची हरकत आहे का?", तर फरकाची रक्कम त्याची. पहिल्या बोलण्यात लबाडी आहे आणि दुसऱ्यात व्यापार आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पेढ्या ज्या गावांतून टिकल्या त्या दुसऱ्या प्रकारच्या बोलण्यावर टिकल्या. कायदाही इथे त्याच बाजूला उभा आहे, हा योगायोग समजू नये.

दुसरा प्रश्न जमिनीचा. इथे थोडे थांबावे लागेल, कारण रायगडच्या जमिनीला इतिहास आहे आणि तो सातबाऱ्यावर अजून जिवंत आहे.

हा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई. इथे खोती होती. अलिबाग तालुक्यातील चरी या गावी १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जो संप केला, तो सुमारे सहा वर्षे चालला. शेतकऱ्यांनी जमिनी कसल्या नाहीत, लाकूडफाटा विकून आणि मजुरी करून दिवस काढले, पण खोतापुढे वाकले नाहीत. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिनी' कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. त्या लढ्याचे फळ म्हणून मिळालेल्या जमिनींच्या 'इतर हक्क' या रकान्यात आजही कलम ४३ च्या बंधनाची नोंद आढळते. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे उलटली असल्यास शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरून हा मार्ग सोपा केला. रक्कम किरकोळ असते, पण ती भरल्याची पावती आणि प्रमाणपत्र हे कागद हवेतच. प्रमाणपत्र आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत असते, पेटी मुंबईच्या काकांकडे असते आणि काका फोन उचलत नाहीत. सहा महिन्यांच्या मुदतीतले तीन महिने असे जातात.

काका-प्रकरण इथेच संपत नाही. कोकणातला सातबारा म्हणजे पुष्कळदा एका कुळाची वंशावळच असते. वीस-पंचवीस नावे, त्यांतील निम्मे चाकरमानी परळ-डोंबिवलीला, एखादा सुरतेला, दोघे वारलेले पण वारसनोंद न झालेली. ओटीवर बसून सौदा ठरवणारा वडीलधारा गृहस्थ त्यांपैकी फक्त एक असतो. गणपतीला सगळे जमतील तेव्हा सह्या घेऊ, असे तो मनापासून म्हणतो. पण ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीही वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने समान हिस्सेदार आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यात, त्या दिवशी वडील हयात नव्हते म्हणून हा हक्क बुडत नाही, असे स्पष्ट केले. सासरी गेलेल्या बहिणीला 'तिचे काही नाही' असे म्हणून चालत नाही. तिची सही हवी किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या नसतील तर साठेखत फक्त सही करणाऱ्याच्या अविभक्त हिश्शापुरते उरते. आणि सामायिक जमिनीतला अनिश्चित हिस्सा घ्यायला ६२ लाखांचा खरेदीदार येत नाही.

तिसरी अडचण आपल्या समाजाची खास आहे. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेणारा, काही ठरावीक अपवाद सोडले तर, शेतकरी असावा लागतो. कूळकायद्याचे कलम ६३ हे सांगते. आपल्यापैकी बहुतेकांकडे दुकान असते, गोदाम असते, सातबारा नसतो. म्हणून शेतकरी असल्याचा पुरावा नसलेल्या मुलाने शेतजमिनीचे साठेखत स्वतःच्या नावे करूच नये. त्याने बिनशेती झालेल्या भूखंडांकडे वळावे किंवा उघडपणे, लेखी दलालीवर काम करावे. यावर 'गावातल्या विश्वासू माणसाच्या नावे करू' हा तोडगा हमखास सुचवला जातो. तो तोडगा नव्हे. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, या प्रकाराला बेनामी म्हणतात. १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्त कायद्यात त्यासाठी मालमत्ता जप्ती, एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आणि बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. पुढच्या खरेदीदारालाही हीच शेतकरीपणाची अट लागू असल्याने गिऱ्हाईक शोधतानाच त्याचा सातबारा मागावा.

याशिवाय समुद्र आहेच. खाडीकाठच्या जमिनीवर सीआरझेडच्या मर्यादा येतात. कांदळवन असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून त्याच्या भोवतीच्या ५० मीटरांतही बांधकाम चालत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, आणि इथे कातकरी वस्त्या पुष्कळ आहेत, तर महसूल संहितेचे कलम ३६-अ बिगरआदिवासीकडे हस्तांतरण परवानगीशिवाय होऊ देत नाही. अशा जमिनीच्या वाटेला नवख्याने जाऊच नये. परवानगीचा प्रश्न तर आहेच, पण ज्याच्याकडे तेवढीच एक जमीन आहे त्याच्याकडून ती स्वस्तात बांधून घेण्यात कसला पुरुषार्थ? तुकडेबंदीच्या नियमांत अलीकडे बदल झालेले आहेत, तेव्हा गुंठ्यांचे तुकडे पाडून विकण्याचा विचार असेल तर त्या दिवशीचा नियम तलाठी व दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावा.

एवढे पाहून झाले की मग वकील गाठावा आणि ३० वर्षांचा शोध घ्यावा. सातबारा, आठ-अ, सर्व फेरफार, गटाचा नकाशा, जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ. एखाद्या स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यावी. नोटिशीचा खर्च वाचवणारे नंतर वकिलाच्या फीत त्याच्या अनेक पट मोजतात. जमिनीपर्यंत जाणारा रस्ता कागदावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर, हे स्वतः चालत जाऊन पाहावे, तेही पावसाळ्यात.

आता कागद. आपल्याकडे पहिला कागद बहुधा विसारपावती असतो, तीही पाचशेच्या मुद्रांकावर, घाईघाईने आणि कोणाच्या तरी जुन्या नमुन्यावरून नावे बदलून लिहिलेली. विसारपावतीत दोष नाही, ती कुठपर्यंत पुरते हे कळले म्हणजे झाले. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम ५४ म्हणते की विक्रीचा नुसता करार त्या मालमत्तेत कोणताही हक्क किंवा भार निर्माण करत नाही. मधल्या माणसाकडे जमीन नसते. ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून मागण्याचा हक्क तेवढा असतो. तो विकणार असाल तर विकताय काय, हे आधी स्वतःला नीट समजले पाहिजे. मालकाने उद्या दुसऱ्याला जमीन विकली आणि त्या दुसऱ्याला तुमच्या कराराची माहितीच नव्हती असे ठरले, तर तुमच्या हातात राहते मालकाकडून पैसे वसूल करण्याची दरखास्त. म्हणून शोध पूर्ण होताच विसारपावतीच्या जागी साठेखत करून ते नोंदवावे. नोंदले की सूची क्रमांक दोनमध्ये ते दिसते आणि मग 'मला माहीत नव्हते' असे कोणाला म्हणता येत नाही.

साठेखताची भाषा आपल्याला पाठ असते. 'लिहून घेणार', 'लिहून देणार', 'अक्कलहुशारीने', 'कोणाच्याही दडपणाखाली न येता', 'निर्वेध व निजोखमी'. हे शब्द सुंदर आहेत, पण सौदा त्यांच्यात नसतो. सौदा मधल्या चार-पाच कलमांत असतो आणि नमुन्यात नेमकी तीच मोघम असतात.

सर्वांत महत्त्वाचे कलम हस्तांतरणाचे. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या खर्दा कंपनी खटल्यात सांगितलेले तत्त्व असे: करारातला हक्क सामान्यतः दुसऱ्याला देता येतो, पण करारातली जबाबदारी समोरच्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. साठेखतात हक्कही असतो आणि ४५ लाख देण्याची जबाबदारीही असते. तेव्हा मालकाची संमती साठेखतातच घ्यावी. 'लिहून घेणार अथवा ते सुचवतील ती व्यक्ती' एवढे लिहून अनेक जण थांबतात. मी पुढचेही लिहीन, काहीसे असे: 'लिहून घेणार यांनी सदर साठेखतातील आपला हक्क अन्य पात्र शेतकरी इसमास हस्तांतरित केल्यास व त्यातून त्यांस अधिक रक्कम मिळाल्यास त्याबद्दल लिहून देणार यांची तक्रार राहणार नाही; मात्र लिहून देणार यांस ठरलेली संपूर्ण रक्कम पोहोचल्याखेरीज अंतिम खरेदीखत होणार नाही.' वकील यात सुधारणा करतील, करू द्यावी. पण 'अधिक रक्कम' हे दोन शब्द काढू देऊ नयेत. ते मालकाला वाचून दाखवावेत आणि त्याच्या मुलाला किंवा मुलीलाही समोर बसवून वाचावेत. काही मालक त्याच क्षणी भाव वाढवून मागतील. मागू द्यावा. ज्या सौद्याला हे वाक्य सोसवत नाही तो सौदा पुढे कोर्टातही सोसवणार नाही.

दुसरे कलम मुदतीचे. स्थावर मालमत्तेच्या करारात मुदत हा कराराचा गाभा आहे असे न्यायालये सहसा आपणहून गृहीत धरत नाहीत. १९९३ च्या चांदराणी खटल्यात घटनापीठाने याची चर्चा केली आहे. मुदत काटेकोर हवी असेल तर तसे स्पष्ट लिहावे, आणि मुदत कोणत्या घटनेपासून मोजायची तेही लिहावे: साठेखताच्या तारखेपासून, की नजराणा भरून वारसनोंद पूर्ण झाल्यापासून? मालकाने करायच्या गोष्टींना मालकाची मुदत द्यावी, आपण पैसे देण्याला आपली. त्याचबरोबर सुटकेचे कलम हवे. शोधात दोष निघाला तर विसार किती दिवसांत परत, आणि गिऱ्हाईक मिळाले नाही तर काय? यातला दुसरा भाग नवखे टाळतात. मोबाइलवरचे गुरुजी सांगतात की पळवाट मोघम ठेवा. मी उलटे सांगेन. गिऱ्हाईक मिळाले नाही म्हणून मुदतीत पैसे उभे राहिले नाहीत, तर विसाराची अमुक रक्कम मालकाकडे राहील आणि लिहून घेणार स्वखर्चाने रद्दलेख नोंदवून देईल, असे कलम घालावे. जप्त होणारी रक्कम 'विसार' म्हणून वेगळी दाखवावी, कारण किमतीपोटी दिलेली आगाऊ रक्कम आणि विसार यांत न्यायालये फरक करतात, आणि करार कायद्याचे कलम ७४ वाजवी भरपाईच्या पलीकडे जाऊ देत नाही.

रद्दलेखाविषयी इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण आहे. किनाऱ्यावरच्या एका गावातली विधवा बाई आमच्या शाखेची ठेवीदार होती. तिच्या जमिनीचे नोंदणीकृत साठेखत कोणा तरुणाने ५१ हजार रुपयांत करून घेतले होते. त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही आणि तो गाव सोडून गेला. पुढे बाईच्या मुलीच्या दवाखान्यासाठी जमीन विकायची वेळ आली, तेव्हा येणारा प्रत्येक खरेदीदार सूची दोन पाहून परत फिरत असे. ५१ हजारांची ठेव पावती तिने आमच्याकडेच केली होती. ती मोडायला आली तेव्हा काउंटरवर तिने एकच विचारले, "हे पैसे त्याला परत दिले तर माझी जमीन सुटेल ना?" तिला काय उत्तर देणार? देणाऱ्याचा पत्ता नव्हता. त्याने कोणताही कायदा मोडला नव्हता. फक्त एक कागद करायचा राहून गेला होता आणि तो करायची सक्ती त्याच्यावर साठेखताने केलेली नव्हती.

ताब्याबद्दल दोन शब्द. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार साठेखताबरोबर ताबा दिला किंवा द्यायचे कबूल केले, तर ते खरेदीखतच मानून पूर्ण मुद्रांक शुल्क लागते. शुल्क चुकवले तर तूट भरताना महिन्याला २ टक्के दंड चढतो. मधल्या माणसाला भात लावायचे नसते, त्याला ताबा कशाला हवा? साठेखत बिनताब्याचे असावे आणि तसे शब्द त्यात असावेत. नेमके शुल्क दुय्यम निबंधकाकडून आधी लेखी मूल्यांकन करून घेऊन ठरवावे. नोंदणी फी साधारण एक टक्का, कमाल ३० हजार रुपये.

कुलमुखत्यारपत्राचा आग्रह धरणारे भेटतील. 'साठेखत, मुखत्यारपत्र आणि पूर्ण पैसे, झाली जमीन आपली' हा समज सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ च्या सूरज लॅम्प निकालात मोडीत काढला आहे. अशा कागदांनी मालकी जात नाही. शिवाय मोबदला घेऊन विक्रीचे अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्राला खरेदीखताइतकाच मुद्रांक लागतो. अंथरुणाला खिळलेल्या मालकाच्या बाबतीत अंतिम सहीसाठी त्याच्या मुलाच्या नावे मुखत्यारपत्र घेणे वेगळे आणि मधल्या माणसाने स्वतःच्या नावे घेणे वेगळे.

गिऱ्हाईक मिळाल्यावर दोन वाटा असतात. एक, हक्क हस्तांतरणाचा स्वतंत्र लेख करून साठेखतातला आपला हक्क त्याला द्यायचा. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम १५ नुसार मग तो खरेदीदार स्वतः मालकाकडून करारपूर्ती मागू शकतो, मात्र मूळ करारात हस्तांतरणाला मनाई नसावी. हा लेखही मुद्रांकपात्र आहे. दुसरी वाट मला अधिक पसंत आहे: मालक थेट शेवटच्या खरेदीदाराला खरेदीखत करून देतो आणि मधला माणूस त्याच दस्तात 'मान्यता देणार' म्हणून सही करतो. साठेखताचा उल्लेख, त्याचा नोंदणी क्रमांक व दिनांक, मालकाला पोहोचलेली आणि मान्यता देणाऱ्याला पोहोचलेली रक्कम, सारे एका कागदावर येते. उद्या खरेदीदार बँकेकडे गेला तर बँकेचा वकील दस्तांची साखळी तपासतो. मधली कडी गळालेली दिसली की फाइल परत येते. आम्ही अशा फाइली परत केल्या आहेत. दुवा दस्तात उघड असला तर प्रश्न उरत नाही. काही जण ६२ लाखांऐवजी दस्तात ५० लाख दाखवून १२ लाख रोखीने उरकायला सांगतात. असा दस्त खोटा असतो, शिवाय मधल्या माणसाच्या कमाईचा पुरावाच त्यातून नाहीसा होतो. वाद झाला तर तो कशाच्या आधारे मागणार?

पैशांचे थोडक्यात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात आगाऊ रक्कम २० हजार किंवा अधिक रोख घेता येत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. हा नियम २०१५ पासून आहे आणि तरीही विसार पिशवीतून येतो. चेक, आरटीजीएस किंवा डिमांड ड्राफ्ट, आणि त्याचा क्रमांक दस्तात. शेतजमीन ग्रामीण नसेल आणि किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर खरेदीदाराने १ टक्का करकपात करायची असते. मधल्या माणसाची कमाई करपात्र आहे. ती भांडवली नफा की व्यवसायाचे उत्पन्न, हे असे व्यवहार तो किती वेळा करतो यावर ठरते, तेव्हा सीए आधी आणि सौदा नंतर. मालकाने जप्त केलेला विसारही मालकाच्या हातात करपात्र आहे, हे त्यालाही सांगावे.

आणि रेरा? नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका-भूखंड विकून देणाऱ्या दलालाला महारेराची नोंदणी आवश्यक आहे. उघड्या शेतजमिनीच्या अशा व्यवहारात रेराचे दार ठोठावता येत नाही. तंटा झाला तर अलिबागचे दिवाणी न्यायालय, आणि करारपूर्तीच्या दाव्याची मुदत ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षे. त्या दाव्यात आपण करार पाळायला सतत तयार होतो, पैशांची सोय होती, हे सिद्ध करावे लागते. ज्याच्याकडे ४५ लाख कधीच नव्हते आणि कधी असणारही नव्हते, त्याने ते कसे सिद्ध करावे? 'भांडवलाशिवाय धंदा' या जाहिरातीत ही बाजू येत नाही. म्हणूनच पहिला सौदा असा निवडावा की गिऱ्हाईक न मिळाल्यास घरातली मंडळी मिळून ती जमीन खरेच घेऊ शकतील.

तेजीच्या बातमीवर मुदत बेतू नये. पेण तालुक्यात २००८ मध्ये महामुंबई सेझच्या प्रश्नावर २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले आणि पुढे ते भूसंपादन झालेच नाही. बातमी होती, नकाशे होते, भावही फुटले होते.

खरेदीखताच्या दिवशीचा क्रम मी नेहमी असा ठेवायला सांगतो. आदल्या दिवशी ताजा सातबारा काढायचा आणि सूची दोनचा शोध पुन्हा घ्यायचा. दोन डिमांड ड्राफ्ट वेगवेगळे, एक मालकाच्या नावे ४५ लाखांचा, दुसरा मान्यता देणाऱ्याच्या नावे १७ लाखांचा. दुय्यम निबंधकाच्या खोलीत अंगठे आणि छायाचित्रे होण्यापूर्वी दस्त मालकाला मराठीत मोठ्याने वाचून दाखवायचा, ६२ च्या आकड्यासकट. मालकाचा ड्राफ्ट आधी त्याच्या हाती. मग सह्या. मूळ साठेखत त्याच टेबलावर खरेदीदाराच्या स्वाधीन करायचे, त्याची पोच घ्यायची, आणि फेरफाराचा अर्ज त्याच दिवशी तलाठ्याकडे पोहोचला की नाही ते पाहून मगच अलिबागहून घरची एसटी धरायची.